मीटरवरचा आकडा आणि पोटातली गडबड

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमच्याकडे नळाला दिवसाआड, थोडाच वेळ पाणी येतं. ते जमिनीखालच्या टाकीत साठवतो, त्यातच बोअरचं पाणी सोडतो आणि मोटरने वरच्या टाकीत चढवतो. पावसाळा लागल्यापासून घरात दोनदा जुलाबाची साथ फिरली. सासूबाईंना सलाइन लावावं लागलं. बादलीत भरून ठेवलेलं पाणी तासाभरात पिवळसर होतं आणि नळांवर पांढरे डाग पडतात. फिल्टर विकायला आलेल्या माणसाने मीटर बुडवून ‘७२०’ दाखवले. मग दोन ग्लासांत विजेच्या कांड्या घातल्या. आमचं पाणी तपकिरी होऊन गाळाने भरलं, त्याच्या आरओचं मात्र नितळच राहिलं. ‘हे हळूहळू भिनणारं विष आहे,’ असं सांगून तो गेला. घरात चार महिन्यांचं बाळ आहे, ते पावडरच्या दुधावर आहे. आरओ घ्यावा, की नुसतं उकळून भागेल?

नमस्कार,

आधी त्या तपकिरी गाळाचं बघू, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते. त्या उपकरणात सहसा एक कांडी लोखंडाची असते आणि एक अ‍ॅल्युमिनियमची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची कांडी विरघळू लागते आणि सुटलेल्या लोहाचा गंजासारखा गाळ तयार होतो. म्हणजे तुम्हाला दिसलेला गाळ पाण्यातला नव्हता, कांडीतला होता. आरओच्या पाण्यात क्षार नावापुरतेच असतात, त्यामुळे वीज वाहत नाही आणि कांडी शाबूत राहते. तो माणूस पुन्हा आला तर त्याच्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि प्रयोग पुन्हा करायला सांगा. त्याचंही पाणी तपकिरी होईल.

आता ७२०. त्या माणसाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर खरं तर क्षार मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते तो मोजतो, त्या आकड्याला ०.५ ते ०.७च्या दरम्यानच्या एका ठरीव गुणकाने गुणतो आणि एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार साधारण किती मिलिग्रॅम असावेत याचा अंदाज दाखवतो. हे क्षार बहुतेक कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड आणि सल्फेट या नेहमीच्या मंडळींचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्याच्या कारणावरून कुठलीही मर्यादा ठरवलेली नाही. तिथे विचार चवीचा आहे: ६००च्या आत चव चांगली, हजाराच्या पुढे पाणी मचूळ लागत जातं. ७२० म्हणजे मधलं, चालण्याजोगं.

मीटरला काय दिसत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. जंतू दिसत नाहीत. कीटकनाशकं दिसत नाहीत. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मि.ग्रॅ. आहे. समजा तुमच्या पाण्यात त्याच्या पाचपट, म्हणजे ०.०५ मि.ग्रॅ. आर्सेनिक निघालं, तरी मीटरचा आकडा तसूभरही हलणार नाही, कारण तो एकेक मिलिग्रॅमच्या पायरीने मोजतो. उलट नळाच्या १५० टीडीएसच्या पाण्यात ड्रेनेज झिरपत असेल तर मीटर ‘उत्तम’ म्हणून मोकळा होईल.

जिभेचा आणि डोळ्यांचा भरवसाही असाच. लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती कॉलऱ्याने थैमान घातलं, तेव्हा दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाईही दगावली. तिच्या आसपास कॉलरा नव्हता. डॉ. जॉन स्नो यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की तिला त्याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती मुद्दाम तिथून पाणी मागवून घ्यायची.

तुमच्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. जुलाब हा जंतूंचा प्रश्न आहे. बाळासाठी पाणी चालेल का, हा विरघळलेल्या घातक द्रव्यांचा प्रश्न आहे. पिवळेपणा आणि डाग हा लोहाचा आणि जडपणाचा प्रश्न आहे. त्यात त्रास आहे, धोका फारसा नाही. आणि चौथी गोष्ट, म्हणजे मीटरचे ७२०, हा प्रश्नच नाही. आमच्या मते तुमच्या घरातला खरा घोटाळा मात्र पत्रातल्या एका साध्या वाक्यात आहे: नळाचं आणि बोअरचं पाणी तुम्ही एकाच टाकीत सोडता.

ते का, ते आकड्यांत सांगतो. नळाच्या पाण्यात शुद्धीकरण केंद्राने थोडा क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो, घरापर्यंतच्या वाटेत कुठे जंतू शिरलेच तर तो त्यांना मारावा म्हणून. घरच्या नळाशी हा शिल्लक क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मि.ग्रॅ. असावा अशी अपेक्षा असते. तुमच्याकडे तो ०.४ येतो असं धरा. तुमचं पाणी बादलीत ठेवल्यावर पिवळं होतं, म्हणजे बोअरमध्ये लोह आहे. जमिनीखाली हवा नसल्यामुळे ते विरघळलेल्या, रंगहीन रूपात असतं. वर येऊन हवा लागली की गंजाच्या रूपात बाहेर पडतं. ते लिटरला १ मि.ग्रॅ. आहे असं धरू. निम्मं नळाचं, निम्मं बोअरचं पाणी मिसळलं की टाकीत क्लोरीन ०.२ राहतो आणि लोह ०.५. एक मिलिग्रॅम लोह सुमारे ०.६४ मि.ग्रॅ. क्लोरीन गिळतं. म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमला ०.३२ हवा आणि शिल्लक आहे ०.२. थोड्याच वेळात क्लोरीन शून्य. केंद्राने दिलेलं संरक्षण तुम्ही घरातच, नकळत, संपवून टाकता. त्यानंतर जमिनीखालच्या टाकीत पावसाचं किंवा शेजारच्या चेंबरचं पाणी जरा जरी झिरपलं तरी त्याला अडवणारं काहीच उरत नाही.

त्यात पाणी दिवसाआड येतं. नळ बंद असतो तेव्हा जमिनीतल्या पाइपमधला दाब उतरतो, आणि सांधे गळके असतील तर आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं. पाणी सुटतं तेव्हा पहिल्या लोंढ्याबरोबर तेच घरात येतं. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं, ते नितळ होईपर्यंत, टाकीत न घेता बाहेर काढा. फरशी किंवा संडास धुवायला वापरा. नळाच्या पाइपला थेट मोटर लावत असाल तर ती आजच काढा. ओढ जितकी जास्त, तितकी घाण जास्त आत येते, आणि ती शेजाऱ्यांच्याही वाट्याला जाते.

आता आज काय करायचं. पिण्याचं आणि दात घासायचं सगळं पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. वीस मिनिटं उकळत ठेवण्याने फक्त गॅस जळतो. गढूळ असेल तर आधी घट्ट विणीच्या स्वच्छ कापडाच्या चार पदरांतून गाळा. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात, झाकून गार करा. दुसऱ्या भांड्यात ओतताना आणि ग्लास बुडवताना हाताचे जंतू परत जातात, आणि ‘आम्ही उकळूनच पितो, तरी पोट बिघडतं’ असं म्हणणाऱ्या घरांत बहुतेक वेळा गोम इथेच असते. तोटी असलेलं भांडं किंवा लांब दांड्याचं ओगराळं वापरा.

उकळणं जमत नसेल तेव्हा क्लोरीन. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या, सुगंध किंवा साबण नसलेल्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ५० मि.ग्रॅ. क्लोरीन असतो. नितळ पाण्याला लिटरमागे २ मि.ग्रॅ. पुरतो, म्हणजे २० लिटरला ४० मि.ग्रॅ., म्हणजे ०.८ मि.लि. हे चमच्याने मोजू नका, सुई नसलेली औषधाची सिरिंज घ्या. पाणी किंचित गढूळ असेल तर दुप्पट. ढवळा, झाका, अर्धा तास थांबा. अर्ध्या तासाने क्लोरीनचा पुसटसा वास यायला हवा. अजिबात वास नसेल तर पाण्यातल्या घाणीने किंवा लोहाने सगळा क्लोरीन खाल्लाय. तोच डोस पुन्हा द्या आणि पुन्हा अर्धा तास थांबा. जुनी बाटली असेल तर औषधाचा जोर उतरलेला असतो, तारीख बघा. क्लोरीन बहुतेक जिवाणू आणि विषाणू मारतो, पण क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींच्या कवचावर त्याचं फारसं चालत नाही. म्हणून लहान मूल, म्हातारं माणूस आणि आजारातून उठलेला यांच्यासाठी उकळलेलंच पाणी बरं.

बाळाचं वेगळं आहे. उकळल्याने जंतू मरतात, विरघळलेली द्रव्यं जात नाहीत. उलट वाफ गेल्यामुळे ती थोडी वाढतात. बोअरच्या पाण्यात नायट्रेटची शक्यता नेहमी असते, खतांमुळे किंवा सेप्टिक टँकमुळे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मि.ग्रॅ. आहे, आणि ती ठरवताना डोळ्यांसमोर मुख्यतः बाटलीने दूध पिणारी तान्ही मुलंच होती. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात नायट्रेटमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होऊ शकते आणि ओठ, नखं निळसर दिसू लागतात. पोट बिघडलेलं असेल तर हा धोका आणखी वाढतो. म्हणून नायट्रेटचा रिपोर्ट हातात येईपर्यंत बोअरचं किंवा मिसळलेलं पाणी बाळाच्या दुधासाठी वापरू नका. नळाला पाणी सुरू असताना, सुरुवातीचं सोडून देऊन, थेट नळातून स्वच्छ भांड्यात भरा आणि ते उकळून वापरा. बाळाला जुलाब झाले किंवा त्वचा निळसर दिसली तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी टाक्या. दोन्ही टाक्या रिकाम्या करून तळाचा गाळ काढा, भिंती ब्रशने घासा. जमिनीखालच्या टाकीत एकट्याने उतरू नका. बंद टाकीत हवा कोंडलेली असते, झाकण बराच वेळ उघडं ठेवा आणि वर दुसरा माणूस उभा असू द्या. टाकी रिकामी असताना भिंती नीट बघा. बाहेर ओल असताना एखाद्या जागी आतून पाण्याचा ओघळ दिसला, तर तुमच्या पावसाळी जुलाबाची वाट तीच. झाकणाची कड जमिनीच्या पातळीवर असेल तर ती वीतभर उंच करून घ्या. वरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला बारीक जाळी हवी.

मग निर्जंतुकीकरण. हजार लिटरच्या टाकीत लिटरला ५० मि.ग्रॅ. क्लोरीन हवा, म्हणजे एकूण ५० ग्रॅम. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, तेव्हा १५० ग्रॅम पावडर. पिशवी उघडून महिने झाले असतील तर २०० ग्रॅम धरा. दमटपणा आणि उजेडाने तिचा जोर झपाट्याने उतरतो. पावडर थेट टाकीत टाकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाण्यात कालवा, अर्धा तास निवळू द्या, वरचं पाणी टाकी निम्मी भरलेली असताना ओता म्हणजे उरलेलं भरताना आपोआप ढवळलं जाईल. खालचा चुन्याचा साका टाकून द्या. नंतर घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बंद करा, म्हणजे पाइपही धुतले जातील. चोवीस तास तसंच ठेवून सगळं पाणी सोडून द्या, नव्याने भरा. आधी कुठलाही फिल्टर जोडलेला असेल तर तो वेगळा करा. हातमोजे घाला. आणि पावडरीजवळ अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं औषध येऊ देऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसं जाळतो.

हे सगळं केलं तरी पाण्याची तपासणी टळत नाही. पण ‘पाणी तपासून द्या’ एवढंच सांगितलं तर लॅब तुम्हाला हवं ते तपासेलच असं नाही. दोन वेगळे नमुने लागतात. जंतूंसाठी लॅबकडूनच निर्जंतुक बाटली घ्या. क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, नाहीतर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. ही बाटली विसळायची नाही. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग झाकण उघडा, आतून कुठेही बोट लागू न देता भरा, वर थोडी जागा सोडा. बर्फाच्या डब्यातून शक्यतो सहा तासांत पोहोचवा. चोवीस तासांनंतरच्या नमुन्याला फार अर्थ नाही. रासायनिक तपासणीची बाटली मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायची.

नमुने कुठून घ्यायचे यातच निम्मं निदान आहे. तुमच्या घरी चार जागा: टाकीत पडण्याआधीचा नळ, बोअरच्या मोटरजवळ, वरच्या टाकीची तोटी आणि स्वयंपाकघरातला नळ. जंतूंची तपासणी चारही ठिकाणची करा, रासायनिक फक्त नळाची आणि बोअरची. शिल्लक क्लोरीन तुम्ही स्वतः मोजा. डीपीडीची (क्लोरीन तपासायच्या रसायनाची) गोळी टाकली की पाणी गुलाबी होतं, रंग तक्त्याशी लगेच जुळवायचा. क्लोरीन उडून जातो, त्यामुळे लॅबपर्यंत नेऊन मोजण्यात अर्थ नाही. येणाऱ्या नळाला ०.३ आणि टाकीच्या तोटीला शून्य, असं निघालं तर वर सांगितलेला हिशोब तुमच्याच घरात खरा ठरला.

रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी ई. कोलाय बघा. १०० मि.लि. पाण्यात एकही नको. एक जरी असला तरी विष्ठेचा संपर्क झालेला आहे; ‘थोडेच आहेत’ असं समाधान इथे चालत नाही. नुसते टोटल कोलिफॉर्म (जिवाणूंचा मोठा गट, ई. कोलाय त्यातलाच एक) असतील आणि ई. कोलाय नसतील तर टाकीतला गाळ, कुजलेला पाला, पाइपमधला बुळबुळीत थर अशी कारणं असू शकतात. टाकी धुऊन पुन्हा तपासा. बोअरमध्ये ई. कोलाय, नायट्रेट आणि क्लोराइड तिन्ही चढलेले असतील तर सांडपाणी झिरपतंय असं समजा. नायट्रेट एकटंच चढलं असेल तर बोट शेतीच्या खतांकडे जातं. बोअर आणि सेप्टिक टँक यांत किमान ३० मीटर अंतर हा ढोबळ नियम आहे, पण भेगाळ खडकात तेवढंही पुरत नाही. बोअरचा केसिंग पाइप जमिनीपासून किमान फूटभर वर, तोंडाला घट्ट टोपण आणि भोवती बाहेरच्या बाजूला उताराचा सिमेंटचा ओटा असायला हवा. पहिल्या जोराच्या पावसानंतर बोअरचं पाणी गढूळ होत असेल तर वरचं पाणी थेट आत उतरतंय, आणि हे दुरुस्त केल्याशिवाय कुठल्याच फिल्टरवर विसंबू नका.

फ्लोराइड लिटरला १.५ मि.ग्रॅ.च्या आत हवं, आर्सेनिक ०.०१च्या आत. ही दोन्ही खडकातून येतात. त्यांना ना वास, ना रंग, ना चव. परिणाम दिसायला वर्षं लागतात, म्हणून बोअरच्या पाण्यासाठी ही तपासणी एकदा तरी हवीच. लोहाचं ०.३ हे बंधन डागांसाठी आणि चवीसाठी आहे. डाग काळे पडत असतील तर मँगनीजही मोजून घ्या. त्याची आरोग्याची मर्यादा ०.०८ मि.ग्रॅ. आहे. गढूळपणा जंतू मारण्याआधी १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत असलेला चांगला, कारण गाळाच्या कणाआड जंतू लपतात.

आता यंत्राकडे येऊ. आमचा सल्ला आधी प्लंबिंगचा आहे. पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी फक्त नळाच्या पाण्याची छोटी, स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र पाइप करा. बोअर बाकी सगळ्याला. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक मर्यादेत निघालं, आणि तशी शक्यता बरीच आहे, तर तुम्हाला आरओची गरज नाही. ५ मायक्रॉनचा गाळ पकडणारा फिल्टर, मग कार्बन, मग यूएफ (अतिबारीक छिद्रांची गाळणी) आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) एवढं पुरतं. यूएफची छिद्रं सुमारे ०.०१ मायक्रॉनची असतात, जिवाणू आणि परजीवींची कवचं त्यातून जात नाहीत. यूव्हीचा दिवा जंतूंची वाढ थांबवतो, पण पाणी नितळ हवं आणि लोह कमी हवं, नाहीतर दिव्याच्या काचेच्या नळीवर तांबूस थर चढतो आणि प्रकाश पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. दिवा निळा पेटलेला दिसतो म्हणजे काम करतोय असं नाही. साधारण नऊ हजार तासांनी, म्हणजे सतत चालू असेल तर वर्षभराने, त्याची उपयोगी किरणं इतकी घटतात की पेटलेला असला तरी बदलावा लागतो. यूव्हीतून निघालेल्या पाण्यात पुढचं संरक्षण काहीच नसतं, त्यामुळे ते साठवून ठेवण्यापेक्षा लागेल तसं काढलेलं बरं.

बोअरचंच पाणी प्यायची वेळ असेल आणि त्यात नायट्रेट, फ्लोराइड किंवा आर्सेनिक जास्त असेल, तर मात्र आरओ घ्या. इथे तो शोभेचा नाही, गरजेचा आहे. पण त्याच्याआधी लोह काढावं लागेल. पाणी फवाऱ्यासारखं पाडून हवा खेळवायची, गाळ बसू द्यायचा, वाळूच्या फिल्टरमधून काढायचं. हे केलं नाही तर मेंब्रेन, म्हणजे आरओतला क्षार अडवणारा पातळ पडदा, तांबूस होऊन तुंबते, आणि मग विक्रेता ‘तुमचं पाणीच खराब’ म्हणून दुसरी विकतो. नळाचं पाणी आरओला देत असाल तर कार्बनचा टप्पा वेळेवर बदला, कारण क्लोरीन मेंब्रेनला जाळतो.

आणि एक गोष्ट यंत्र बसवणाऱ्याला आवर्जून विचारा: यात टीडीएस कंट्रोलर आहे का? चव यावी म्हणून ही छोटी झडप थोडं कच्चं पाणी, मेंब्रेनला बगल देऊन, शुद्ध पाण्यात मिसळते. कच्च्या पाण्यात आर्सेनिक ०.०६ मि.ग्रॅ. असेल आणि चौथा हिस्सा कच्चं पाणी मिसळलं, तर ग्लासात ०.०१५ आलं. मर्यादेच्या दीडपट, तेही नवंकोरं यंत्र चालू असताना. अशा पाण्याला ही झडप पूर्ण बंद हवी. आर्सेनिकचं एक रूप मेंब्रेनमधून बऱ्यापैकी निसटतं, म्हणून यंत्र बसल्यावर बाहेर आलेल्या पाण्याचीही तपासणी करून घ्या.

आता तो टीडीएस मीटर कामाला लावा, कारण मेंब्रेनची तब्येत सांगायला त्याच्यासारखं साधन नाही. झडप बंद करून आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी मोजा. ७२०चे ६० झाले तर सुमारे ९२ टक्के क्षार अडले, ठीक. दर दोन-तीन महिन्यांनी आकडा वहीत लिहा. बाहेरचा आकडा दीडशेकडे सरकला की मेंब्रेन बदला, कॅलेंडर काहीही म्हणो.

पांढऱ्या डागांसाठी पिण्याच्या पाण्यात काही करायची गरज नाही. जड पाण्याने साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल जाड होते, पण तब्येतीला ते बाधत नाही. आंघोळीसाठी सॉफ्टनर लावलात तर लक्षात ठेवा, तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो: दर १०० मि.ग्रॅ. जडपणामागे ४६ मि.ग्रॅ. सोडियम. सासूबाईंना रक्तदाब असेल तर स्वयंपाकघराचा नळ सॉफ्टनरच्या आधीच काढा. पाइपवर चुंबक बांधून जडपणा जातो म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न यंत्र घेतलंत तर लगेच येईल. घरगुती यंत्रात एक लिटर पाणी मिळवायला तीनेक लिटर बाहेर जातं. ७२०च्या पाण्याचं ते ९४०च्या आसपास होतं. फरशी पुसायला, संडासात ओतायला, गाडी धुवायला ते चालतं. कुंड्यांना रोज तेच घालू नका, मातीत क्षार साचून पानांच्या कडा करपतात. आणि ज्या पाण्यात आर्सेनिक सापडल्यामुळे आरओ घेतला असेल, त्याचं हे उरलेलं पाणी पिण्याच्या किंवा भांड्यांच्या जवळपासही ठेवू नका. पाइप थेट मोरीत सोडा.